तिसरं कार्ड

"मी तेहतीस वर्षं गणित शिकवलंय," सुमतीबाई म्हणाल्या. "दोन आणि चार यांत लहान कोण, ते मला कळतं. तू लिही. अ."

मी लिहिलं नाही. पेन कागदावर टेकवून तशीच बसले.

"बाई, एकदा परत बघता का? घाई नाही."

"बघितलं की. अ."

सावरदरच्या धरणाखाली जी बाग आहे, तिथं जांभळीच्या सावलीत लोखंडी टेबल टाकून मी आणि रणधीर खराडे बसलो होतो. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातला रविवार. दोघंही अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होतो, एकाच सरांच्या हाताखाली. सहा आठवडे दर रविवारी आमचं हेच काम. हिंडायला आलेल्या माणसांना थांबवायचं, नाव-पत्ता लिहून घ्यायचा आणि त्यांच्यापुढं एकेक करून सहा कार्डं ठेवायची. प्रत्येक कार्डावर दोन सहली छापलेल्या. डावीकडची अ, उजवीकडची ब. कधी ही बाग आणि पलीकडचा वाघजाईचा किल्ला, कधी किल्ला आणि किल्लाच, पण वेगवेगळ्या वारी. खाली प्रवासाचा वेळ, तिकीट, गर्दी किती ते. माणसानं एकावर बोट ठेवायचं, बस्स.

माणूस बाजारात वांगी निवडताना जसं डोकं लावतो, तसं हिंडायला जाताना लावतो का, हे आमच्या हेरवाडकर सरांना तपासायचं होतं. माझी पीएच.डी. त्याच्यावरच उभी होती. बाग चालवणाऱ्या समितीलाही सरांचा अहवाल हवा होता. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिकीट अर्धं करावं का, रंगीत कारंजं बसवावं का, असे त्यांचे प्रश्न होते.

तिसरं कार्ड सगळ्यांत सोपं. दोन्हीकडं हीच बाग. अ म्हणजे रविवार, गर्दी भरपूर, तिकीट चार रुपये. ब म्हणजे बुधवार, गर्दी नाही, तिकीट दोन रुपये. आणि दोन्ही दिवशी तुम्हाला सारखीच सवड आहे असं धरायचं. हे कार्ड सरांनी मुद्दाम घातलेलं होतं. "जो इथं अ म्हणेल," सर म्हणायचे, "त्यानं कार्ड वाचलेलं नाही, नाहीतर त्याला विचार करायचा नाही. त्याची बाकीची उत्तरंही धरायची नाहीत."

सुमतीबाई कुंभोजे या जयसिंगपूरच्या निवृत्त शिक्षिका. साठीच्या आतबाहेर, कडक इस्तरीची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या. बाकीची पाच कार्डं त्यांनी अशी सोडवली होती की वर्गात दाखवावीत. किल्ल्याच्या कार्डावर तर ताबडतोब म्हणाल्या, "गर्दी नसलेला दिवस. तिकीट जास्त असलं तरी चालेल." मग बागेत गर्दी का हवी? तीही दुप्पट तिकीट देऊन?

शेवटी मी 'अ' लिहिलं आणि कोपऱ्यात छोटा गोल केला.

"गोल कसला तो?"

"आमची खूण आहे बाई."

"मी शाळेत चुकलेल्या उत्तराला गोल करायची," त्या म्हणाल्या.

माझे कान तापले. रणधीर माझ्या शेजारी उभा राहून हसत होता. तो म्हणाला, "तसं नाही बाई. कमी तिकीट, निवांत बाग, आणि तुम्ही नको म्हणताय. म्हणून आम्हाला जरा नवल वाटलं."

सुमतीबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमच्या कार्डावर सगळं छापलेलं नाही," एवढंच म्हणाल्या.

"काय राहिलंय? सांगा ना, लिहून घेतो," रणधीर म्हणाला.

"ते असू दे." त्या उठल्या. चार पावलं गेल्या आणि मला हातानं बोलावलं. मी गेले तशा हळू आवाजात म्हणाल्या, "बुधवारी मोकळी आहेस?"

"का बाई?"

"माझ्याबरोबर इथं ये. पावणेनऊच्या गाडीनं. आणि सकाळी चांगलं दोन तांबे पाणी पिऊन ये."

"पाणी?"

"शिकवायचं म्हटल्यावर एवढं तरी ऐकशील का नाही?" असं म्हणून त्या मैत्रिणींच्या घोळक्यात शिरल्या.

मी जाणार नव्हते. त्यांचं ते बोलणं मला विचित्र वाटलं होतं. पण सोमवारी विभागात बसून गोल केलेले कागद वेगळे काढायला घेतले आणि मन थाऱ्यावर राहीना. चारशे बारा कागद होते. गोलाचे त्र्याण्णव. सरांनी ते फक्त मोजून बाजूला ठेवायला सांगितले होते, उलटून बघायचं काही कारण नव्हतं. मी उलटून बघत बसले. नावं वाचली. शोभा, रुक्साना, पार्वती, विमल, सुगंधा. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्र्याण्णवातल्या अठ्ठ्याहत्तर बायका.

"रणधीर, हे बघितलंस?"

त्यानं बघितलं. "बायकांना आकडे वाचायचा कंटाळा येतो गं," तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. "आमची आई वाण्याची यादीसुद्धा माझ्याकडून वाचून घेते."

"सुमतीबाई गणित शिकवायच्या."

"एखादी असते तशी."

त्या रात्री होस्टेलवर अंथरुणात कूस बदलत राहिले. मंगळवारी वाचनालयात पुस्तक उघडलं, तीन पानं वाचली आणि तीच तीन पानं पुन्हा वाचली. बुधवारी सकाळी मेसच्या पिंपातून दोन तांबे पाणी घेतलं आणि एका दमात प्यायले. पोट डबडबलं. असं पाणी मी प्रवासाआधी कधी प्यायले नव्हते.

स्टँडवर सुमतीबाईंबरोबर त्यांची शेजारीण होती. मालनकाकी. बुटक्या, गोल, सारखा पदर सावरणाऱ्या. त्यांना साखरेचा आजार होता हे गाडीत बसल्या बसल्याच कळलं, कारण त्यांनी पिशवीतून कोरडी भाकरी काढली आणि मला म्हणाल्या, "माझं बघू नकोस बाय. मला येळच्या येळी खावं लागतं. आन् येळच्या येळी जावंबी लागतं."

"कुठं?"

"आता कुठं म्हनजे!" त्या हसल्या. सुमतीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सावरदरला गाडीनं आम्हाला सोडलं तेव्हा साडेदहा होत आले होते. बाग खरोखर सुंदर दिसत होती. रविवारी जिथं पाय ठेवायला जागा नसे तिथं एकही माणूस नाही. हिरवळीवर पाणी मारलेलं. ज्या बागेचं चित्र आम्ही ब बाजूला छापलं होतं, तीच बाग. फाटकावरच्या माणसानं तिकिटं फाडून दिली.

आणि मला लागलेली होती. गाडीत शेवटच्या अर्ध्या तासात मी मांडीवर मांडी टाकून, दात दाबून बसले होते. बायकांचं स्वच्छतागृह मला माहीत होतं. रविवारी मी तिथंच जायचे. दारात एक बाई रुपया घेऊन बसायची. मी जवळजवळ पळतच गेले.

दाराला कुलूप होतं.

पलीकडं माळी रोपांना आळी करत होता. मी विचारलं, "दादा, याची किल्ली?"

"मुकादमाकडं."

"मुकादम कुठायत?"

"रविवारी येत्यात," तो म्हणाला आणि खुरपं चालवू लागला. "बाई ठेवलीया ती रविवारपुरतीच. बाकीचे दिवस बंदच असतंय."

"मग बाकीच्या दिवशी..."

त्यानं वर बघितलं, मला बघितलं आणि मान खाली घातली. पुरुषांची बाजू उघडीच होती. तिला दार नव्हतंच, नुसती आडवी भिंत. तिच्याशेजारी पंपघराच्या ओट्यावर चार माणसं पत्ते खेळत बसली होती.

मी परत आले. सुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव असेल असं मला वाटलं होतं. तसा तो नव्हता.

"कुलूप आहे," मी म्हणाले.

"असतंच."

"तुम्हाला माहीत होतं."

"तीन वर्षांपूर्वी मी हिला घेऊन बुधवारीच आले होते. निवांत असेल म्हणून." त्यांनी मालनकाकींकडं बघितलं. मालनकाकी जमिनीकडं बघत होत्या. "किल्ल्यावर गर्दी नसली तर झुडपं आहेत, कडेला जाता येतं. इथं बघ."

मी बघितलं. गुडघ्याएवढी कापलेली मेंदी. गुलाबाचे वाफे. सपाट हिरवळ. धरणाच्या भिंतीपर्यंत नजर जाईल असं सगळं मोकळं, नीटनेटकं, देखणं. आणि पंपघराच्या ओट्यावरची चार माणसं, ज्यांतल्या दोघांनी आता पत्ते खाली ठेवून आमच्याकडं तोंड केलं होतं.

"परतीची गाडी?"

"सव्वा एकला."

"बाई, तुम्ही पाणी..."

"मी काल संध्याकाळी प्यायले त्यावर आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "सवय आहे. तुला त्रास व्हावा म्हणून सांगितलं नव्हतं मी. नुसतं बोलून तुझ्या लक्षात आलं नसतं, आणि तिथं त्या मुलासमोर मला ते बोलता आलं नसतं."

मला माझी प्लॅस्टिकची बाटली आठवली. दर रविवारी ती संध्याकाळी अर्धी भरलेलीच परत यायची. रणधीर त्याची दोनदा नळावर जाऊन भरून आणायचा. रुपया घेणारी बाई दारात असूनही मी दिवसभरात एकदाच जायचे. पहिल्यापासूनच असं. शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी आई म्हणायची, "पाणी जपून पी गं." कार्डं छापायच्या आधी काय काय लिहायचं याची यादी सरांनी माझ्याकडूनच करून घेतली होती. तीन दिवस खपून केली होती. वेळ, तिकीट, गर्दी, सावली, खाण्याची सोय, वाहनतळ. वाहनतळसुद्धा होता.

मालनकाकींना थांबणं शक्य नव्हतं. त्या उठल्या. बागेच्या मागच्या तारेला एक फट होती, तिथून खाली कालव्याकडं उतार. सुमतीबाईंनी शाल काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तारेकडं पाठ करून पडद्यासारख्या उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले. खालून मालनकाकींचा आवाज आला, "कोन येत न्हाई न्हवं?"

"कुणी नाही, आटप."

त्या वर आल्या. कपाळावर घाम. मग मी उतरले. दगड निसटते होते. घाणेरीच्या एका खुरट्या झुडपामागं पोचले, आणि तेवढ्यात कालव्याच्या वाटेनं मोटारसायकलचा आवाज आला. दोघं होते. वेग कमी झाला. मग गाडी थांबली. इंजिन चालूच. त्यांतल्या एकानं शिट्टी वाजवली, बारीक, लांबवलेली. दुसरा काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले.

मी झुडपामागून उठून उतार चढायला लागले. वरून सुमतीबाई ओरडत होत्या, "चला, निघा इथून! लाज नाही वाटत?" हातानं दगड धरत, सलवार सावरत मी चढत होते, आणि अर्ध्या उतारावर माझ्या शरीरानं माझं ऐकणं सोडलं.

मी सव्वीस वर्षांची होते. विद्यापीठात पहिली आले होते. आकाशी रंगाची सलवार होती. पायांवरून गरम ओघळ गेला, चपलेत साचला, आणि मी तिथंच दगडाला धरून उभी राहिले. वर जाववेना, खाली जाववेना.

मोटारसायकल गेली. मालनकाकी घसरत घसरत खाली आल्या. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"चल. कालव्यात बस."

"काय?"

"पान्यात बस कंबरंपतोर. पाय घसरला म्हनू. कुनाला काय कळतंय?" माझा हात त्या सोडत नव्हत्या. "मी तीन वर्सांमागं तेच केलं. हिनं बसवली मला." त्यांनी वर शाल धरून उभ्या असलेल्या सुमतीबाईंकडं हनुवटी केली.

कालव्याचं पाणी थंडगार होतं. दगडी पायरीवर मी कमरेपर्यंत बसले. मालनकाकी काठावर उकिडव्या बसून राहिल्या. सुमतीबाई आल्या आणि त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी रडले नाही. दातावर दात आपटत होते, ते थंडीनं असं मला तेव्हा वाटलं.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं माझ्या निथळत्या कपड्यांकडं बघून विचारलं, "काय झालं ओ?"

"कालव्यात पाय घसरला पोरीचा," मालनकाकी म्हणाल्या.

"जपून चालावं बायकांनी," तो म्हणाला आणि तिकिटाचा पंच टकटकवत पुढं गेला.

गुरुवारी सकाळी दहाला मी सरांच्या खोलीत उभी होते. रणधीर तिथंच संगणकावर आकडे भरत होता. हेरवाडकर सर तसे भले माणूस. कुणावर आवाज चढवायचे नाहीत. चूक दाखवायची तर पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचे.

"सर, ते त्र्याण्णव कागद वगळू नयेत असं मला वाटतं."

"कारण, मिस मगदूम?"

"त्यांनी विचार करूनच उत्तर दिलंय. बुधवारी तिथं... सोय नसते."

"कसली सोय?"

जिभेवर चार शब्द होते. बाथरूम, संडास, स्वच्छतागृह, मुतारी. त्यांतला एकही त्या खोलीत काढता येईना.

"सर, भेळवाला बुधवारी नसतो," रणधीरनं मदत केली.

सरांनी चष्मा काढला. "भेळेसाठी दुप्पट तिकीट? मग तर वगळायलाच हवेत." ते हसले. रणधीर हसला. मीसुद्धा हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. सर म्हणाले, "कारण असेल तर मोजून आणा. मोजलं नाही ते आपल्याला धरता येत नाही. समितीची बैठक तीन आठवड्यांनी आहे."

मी बाहेर आले. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. जिन्यावरून खाली गेले, वर आले. पाय एका जागी ठरेनात. मोजून आणा. बरं. त्र्याण्णव जणांचे पत्ते माझ्याच अक्षरात माझ्याच कपाटात होते. दुपारी पोस्टात जाऊन जवाबी पोस्टकार्डं आणली. अर्धं आपण लिहायचं, अर्ध्यावर आपलाच पत्ता घालून पाठवायचं, समोरच्यानं फाडून उत्तर टाकायचं. पत्ता विभागाचा घातला, कारण होस्टेलवर पत्रं गहाळ व्हायची. होस्टेलच्या टेबलावर बसून पहिल्या कार्डावर लिहायला घेतलं: 'सावरदर बागेत आपण तिसऱ्या कार्डावर रविवार निवडला होता. बुधवारी गर्दी नाही, तिकीट निम्मं, आणि...' इथं पेन थांबलं. 'स्त्रियांची सोय' लिहिलं, खोडलं. कार्ड वाया गेलं. दुसरं घेतलं. 'आणि बायकांचा संडास दिवसभर उघडा असेल, तर आपण कोणता दिवस निवडाल?'

दुसऱ्या कार्डावर तो शब्द अगदी बारीक लिहिला. दहाव्यावर जरा मोठा झाला. चाळिसाव्यावर माझं अक्षर पुन्हा नेहमीसारखं झालं.

पोस्टकार्ड उघडं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नऊ-दहा दिवसांनी उत्तरं यायला लागली, ती आधी पोस्टमननं वाचली असतील, मग शिपायानं, मग कारकुनानं, आणि मग त्यांनी ती गठ्ठा बांधून थेट विभागप्रमुखांच्या, म्हणजे हेरवाडकर सरांच्या टेबलावर ठेवली. मला काही कळलंच नाही. मी रोज शिपायाला विचारायचे, "माझं काही आलंय?" आणि तो माझी नजर चुकवून म्हणायचा, "न्हाई मॅडम."

बैठकीला तीन दिवस उरले असताना सरांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. टेबलावर पिवळ्या कार्डांचा गठ्ठा.

"यावर माझ्या विभागाचा पत्ता आहे."

"हो सर."

"मला न विचारता."

"हो सर. मोजून आणा म्हणालात."

त्यांनी वरचं कार्ड उचललं. मला वाटलं फाडतील. त्यांनी ते माझ्याकडं सरकवलं. "वाचा."

'बुधवार. आदल्या रात्रीपासून मी पाणी बंद करते. मुलीलाही तेच शिकवलं. तुमचं कार्ड आलं तेव्हा ती शेजारी होती, तिनं मोठ्यानं वाचलं.' खाली सही, विमल हुजरे.

दुसरं सरांनी स्वतः वाचलं. "'बुधवार. पण हे उत्तर मीच लिहिले आहे, मिस्टरांनी नाही, याची नोंद घ्यावी.'" तिसरं निवृत्त पोस्टमास्तरांचं. त्यांनीही तेव्हा रविवार निवडला होता. 'पत्नी सोबत असली की तिच्यासाठी मी रविवारच धरतो. तिनं कधी सांगितलं नाही, मी ताडलं.' सुमतीबाईंचं एकाच ओळीचं: 'तिसरे कार्ड : ब. गोल खोडावा.'

"त्रेसष्ट उत्तरं आलीत," सर म्हणाले. "मी मोजली. सत्तावन्न जणांनी बुधवार लिहिलाय." त्यांनी गठ्ठ्याच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. त्या आधीच सारख्या होत्या. "त्या गुरुवारी तुम्ही हेच सांगायला आला होतात?"

"हो."

"आणि मी भेळ म्हणालो."

"रणधीर म्हणाला, सर."

"हसलो मी."

पुढं काय झालं ते सांगून टाकते. अहवाल महिनाभर उशिरा गेला. त्यात कुणालाच वगळलं नव्हतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या पोस्टकार्डांवर झालं आणि तोंडी परीक्षेत ते मी मोठ्यानं, शब्दासकट वाचलं. समितीनं रंगीत कारंजं बसवलंच. कुलूप निघायला आणखी दोन वर्षं लागली. तेव्हा मालनकाकी आजारी होत्या, त्यांना काही जाता आलं नाही. सुमतीबाई एका बुधवारी एकट्याच जाऊन आल्या आणि मला पत्रानं कळवलं.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी उभी होते आणि सर खिडकीकडं बघत होते.

"आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली," ते एकदम म्हणाले. माझ्याशी ते असं कधी बोलले नव्हते. "विभागाच्या सहली निघतात. मित्र बोलावतात. ही कधी येत नाही. तयारी करते, डबे भरून देते, आणि ऐनवेळी म्हणते, तुम्ही जाऊन या. मी लोकांना सांगतो, हिला हिंडायची हौसच नाही." ते थांबले. "चारचौघांत सांगतो. तिच्यासमोर."

माझ्या हातातलं विमल हुजरेंचं कार्ड मी परत गठ्ठ्यावर ठेवलं.

त्यांनी फोन जवळ ओढला. काळा, जड, तबकडीचा. नंबर फिरवताना एकदा चुकले, पुन्हा फिरवला.

"हॅलो. मीच आहे. नाही गं, सगळं ठीक आहे. जेवलो." बोटानं ते कार्डाची कड दाबत होते. "एक विचारायचं होतं. मागं आपण सगळे पन्हाळ्याला निघालो होतो बघ, गाडीसुद्धा दारात आली होती, आणि तू नाही म्हणालीस... नाही, आता कशाला म्हणजे, असंच. का नाही म्हणालीस तेव्हा?"

पलीकडून काही आलं नसावं, कारण ते पुन्हा म्हणाले, "सांग ना. मी ऐकतोय."

मी दार हळूच ओढून बाहेर आले. रणधीरनं मान वर करून विचारलं, "चिडलेत का?"

"फोनवर आहेत," मी म्हणाले.

मी माझ्या खुर्चीवर बसले. कौलावर कबुतरं घुमत होती. शिपाई चहा घेऊन आला, दाराशी थांबला, कान दिला आणि कप घेऊन परत गेला. आतून सरांचा आवाज येईल म्हणून मी बराच वेळ वाट बघितली. आला नाही. ते नुसते ऐकत होते.